लेन्स दुसऱ्या कंपनीची, मर्यादा आपली



आज विषय थोडा वेगळा आहे. पापड, पारणं, पाठशाळा यांवर लिहिणारी मी आज कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल लिहिते आहे. पण आपल्यातल्या किती तरी सुना-मुली आता तपस्येच्या कार्यक्रमांचे, वरघोड्याचे, घरच्या मंगलकार्याचे फोटो काढतात. काही जणी त्यातून चार पैसेही कमावतात. आणि प्रत्येक घरात एकदा तरी हा प्रश्न येतोच. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स पुरत नाही, त्याच कंपनीची चांगली लेन्स फार महाग आहे, मग दुसऱ्या कंपनीची स्वस्त लेन्स घ्यावी का?

माझं उत्तर आधीच सांगते. घ्यावी. बिनधास्त घ्यावी. पण आधी खर्चाची मर्यादा ठरवावी, मग काम बघावं आणि शेवटी लेन्स निवडावी. आपण बहुतेक वेळा हा क्रम उलटा करतो.

आमच्याकडे हा विषय एका फोटोमुळे निघाला. आमच्या नणंदबाईंनी, घरात सगळे त्यांना बाईसा म्हणायचे, वयाच्या सत्तरीत वर्षीतप केलं. अक्षय तृतीयेला पारणं झालं. हॉलमध्ये दोन ट्यूबलाइट आणि एका खिडकीचा उजेड. भावाच्या हातून इक्षुरसाची वाटी घेऊन बाईसांनी ती ओठांना लावली, तो क्षण सूनबाईनं टिपला. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर मागचा पडदा, त्यावरची जर, भिंतीवरची खुंटी सगळं स्वच्छ. बाईसांचा हात आणि चेहरा मात्र पुसट. पावसाळ्यात बाईसा गेल्या. त्या क्षणाचा तेवढाच फोटो आमच्याकडे आहे.

सूनबाईला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "मम्मी, मला लेन्स बदलायची आहे. पैसे माझ्या कामाचेच वापरीन." त्यावर घरात दोन मतं पडली. एक मत असं, की छंदाला एवढे पैसे कशाला, फोन आहे ना. दुसरं असं, की घ्यायची तर कंपनीचीच घ्या, डुप्लिकेट नको. दोन्ही मतं प्रेमानं दिली होती. पण तिला नेमकं काय काम आहे, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. मी बी.कॉम. झालेली बाई. कॅमेरा मला कळत नाही, हिशेब कळतो. म्हणून आम्ही दोघींनी वही घेतली आणि बसलो.

पहिली गोष्ट आम्ही शोधली ती म्हणजे फोटो पुसट का आला. मागचा पडदा स्वच्छ होता, म्हणजे सूनबाईचा हात हलला नव्हता. हलत होत्या बाईसा. कॅमेऱ्यात नोंद असते, ती पाहिली. फोटोला सेकंदाचा तिसावा भाग इतका वेळ लागला होता. तेवढ्या वेळात वाटी ओठांपर्यंत जाते आणि हात फोटोत ओघळतो. वेळ इतका का लागला? कारण कॅमेऱ्याबरोबर आलेली १६-५० मिलिमीटरची लेन्स चेहरा जवळ आणायला पूर्ण ओढली, की तिचं तोंड एफ ५.६ एवढंच उघडतं. आकडा मोठा तेवढं तोंड लहान, असा हा उलटा हिशेब आहे. एफ २.८ चं तोंड असतं तर चौपट उजेड आत आला असता आणि तोच फोटो सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात निघाला असता. वाटी जागच्या जागी दिसली असती. अरुंद नरसाळ्यातून तेल ओतायला वेळ लागतो, रुंद नरसाळ्यातून भराभर उतरतं. यात याहून अवघड काही नाही.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. सूनबाईनं स्वतःच कबूल केलं, की कॅमेऱ्यातला आयएसओ वाढवला असता तर त्या जुन्या लेन्सनंही हात स्पष्ट आला असता. फोटोत दाणे दिसले असते, पण बाईसा दिसल्या असत्या. तेव्हा सगळा दोष लेन्सच्या माथी मारू नका. नवी वस्तू घेण्याआधी हातातली वस्तू पूर्ण शिकून घ्यावी. आमच्याकडे ते पारण्यानंतर झालं, तुमच्याकडे आधी होऊ दे.

मग उजेड कमी असेल तर फ्लॅश का मारत नाही, असं कुणी विचारेल. आपल्या घरातल्या बाईला हे समजावून सांगावं लागू नये. स्थानकात फ्लॅश चालत नाही. विजेच्या उजेडात तेउकायच्या जीवांची विराधना मानतात. कित्येक महाराजसाहेब आणि महासतीजी फोटोलाच परवानगी देत नाहीत, आणि तिथे कॅमेरा पिशवीतून काढूच नये. जिथे परवानगी असते, सांजीत, घरच्या पारण्यात, बहुमानाच्या कार्यक्रमात, तिथेही ३० उपवास झालेल्या तपस्वीच्या डोळ्यांवर कडाड उजेड टाकणं बरं दिसत नाही. कॅमेराही बॅटरीवरच चालतो, म्हणून मोठ्या तोंडाची लेन्स घेतली की आपण निर्दोष झालो असं मी म्हणणार नाही. पण आहे त्या उजेडात काम होतं, एवढा फरक खरा आहे. आपल्या कामासाठी एफ २.८ ही चैन नाही, ती गरज आहे, असं माझं मत या कारणानं झालं.

आता त्या "डुप्लिकेट" शब्दाबद्दल. हा शब्द ऐकून मला गंमत वाटते. कुकर एका कंपनीचा असतो आणि गॅस्केट आपण दुसऱ्या कंपनीचं आणतो. ते चांगल्या नावाचं असेल तर कुकर तसाच शिटी देतो. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव चोरून लावलेली वस्तू. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या वॉरंटीवर विकलेली वस्तू डुप्लिकेट नसते. आपल्या मालेगावात हे कुणाला सांगायला नको. इथला मागवाला शटल आणि सुटे भाग घ्यायला माग बनवणाऱ्या मूळ कंपनीकडे जात नाही. बाजारात जे टिकाऊ मिळतं ते घेतो आणि कापड काढतो.

लेन्सच्या धंद्यातही तसंच आहे. टॅमरॉन ही जपानची कंपनी १९५० पासूनची. सिग्मा १९६१ मध्ये मिचिहिरो यामाकी यांनी सुरू केली. ती आजही त्यांच्या कुटुंबाकडे आहे आणि तिच्या लेन्स जपानच्या ऐझू गावच्या कारखान्यात बनतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी घराणी आहेत ही. १८-३५ मिलिमीटरची, सगळीकडे एफ १.८ राहणारी झूम लेन्स या सिग्मानं २०१३ मध्ये आणली. तोवर तशी झूम कोणत्याच कॅमेरा कंपनीनं या कॅमेऱ्यांसाठी काढलेली नव्हती. जो सगळ्यांच्या आधी करतो तो नक्कल कशी करेल?

आमच्या कॅमेऱ्याची गोष्ट घ्या. सूनबाईचा कॅमेरा सोनीचा ए ६४००. त्याला बसणाऱ्या, रोजच्या वापराच्या, सगळीकडे एफ २.८ राहणाऱ्या तीन लेन्स आम्ही वहीत मांडल्या.

पहिली सोनीची स्वतःची १६-५५. २०१९ मध्ये आली. वजन ४९४ ग्रॅम. अमेरिकेत निघाली तेव्हा तिची किंमत १,३९९ डॉलर होती.

दुसरी टॅमरॉनची १७-७०. २०२१ च्या सुरुवातीला बाजारात आली. वजन ५२५ ग्रॅम. हिच्यात हात थरथरला तरी सांभाळून घेणारी यंत्रणा आहे, जी पहिलीत नाही. तिथली तेव्हाची किंमत ७९९ डॉलर होती.

तिसरी सिग्माची १८-५०. तीही २०२१ मधली. वजन ३०० ग्रॅमच्या आत. थरथर सांभाळणारी यंत्रणा नाही. तिथली तेव्हाची किंमत ५४९ डॉलर होती.

डॉलरमध्ये मुद्दाम लिहिलं, कारण रुपयातले भाव सणाला, सेलला आणि दुकानागणिक बदलतात. प्रमाण मात्र लक्षात येतं. कंपनीच्या लेन्सचे १०० रुपये धरले, तर टॅमरॉनचे ५७ आणि सिग्माचे ३९. तिघींचं तोंड सारखंच उघडतं. बाईसांच्या फोटोला जो चौपट उजेड हवा होता, तो तिघीही देतात.

मग जास्तीचे पैसे कशाचे? काही तरी असतंच. महागड्या लेन्सचे कोपरे जास्त रेखीव येतात, पाऊस-धुळीपासून बंदोबस्त चांगला असतो, धावत्या गोष्टीवर फोकस घट्ट बसतो. सोनीच्या काही सर्वांत महाग कॅमेऱ्यांवर बाहेरच्या लेन्सनं सेकंदाला १५ पेक्षा जास्त फोटो निघत नाहीत, कंपनीच्या लेन्सनं निघतात. उडत्या पक्ष्यांचे किंवा क्रिकेटचे फोटो काढणाऱ्याला हे महत्त्वाचं आहे. आपल्या सांजीतल्या बायका एवढ्या वेगानं पळत नाहीत.

आता माझा आवडता भाग, घसारा. समजा, हिशेबासाठी, एक लेन्स १ लाखाची आणि एक ५० हजारांची धरली. पाच वर्षांनी पहिली ५० हजारांना विकली गेली आणि दुसरी २० हजारांना. कंपनीच्या नावाला जुन्या बाजारात जास्त भाव येतो, हे मान्य करूनच मी हे आकडे धरले आहेत. पहिलीचा वर्षाचा घसारा १० हजार, दुसरीचा ६ हजार. वर्षाला २० कार्यक्रम केले, तर एका कार्यक्रमामागे ५०० आणि ३००. फरक फक्त २०० रुपयांचा. कंपनीवाले याच गोष्टीवर बोट ठेवतात, की बघा, शेवटी फार फरक पडत नाही. पण त्या मधल्या पाच वर्षांत ५० हजार रुपये जास्तीचे लेन्समध्ये अडकून पडतात, त्याचं व्याज कुणी धरत नाही. सात टक्क्यांनी वर्षाचे साडेतीन हजार झाले. शिवाय लेन्स हातातून पडली, चोरीला गेली, तर बुडणारी रक्कम दुप्पट. नवीन काम सुरू केलेल्या बाईनं अडकलेल्या भांडवलाकडे आधी बघावं. नफा पुढे येतो, हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो.

हिशेबाच्याही आधी एक गोष्ट येते, ती आपल्या पाचव्या अणुव्रताची. परिग्रह परिमाण. उपासकदशांग सूत्रातल्या आनंद श्रावकांची गोष्ट आपण सगळ्यांनी व्याख्यानात ऐकली आहे. चार कोटी सोनैया निधानात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात, दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळं, ५०० नांगरांची जमीन. एवढ्या धनवान माणसानं भगवान महावीरांसमोर व्रत घेताना अंग पुसायचं वस्त्र कोणतं आणि दातवण कोणतं इथपर्यंत मर्यादा केली. मला त्यात नेहमी एक गोष्ट दिसते. त्यांना पैशाची अडचण नव्हती. परवडत नाही म्हणून केलेली ती काटकसर नाही, परवडत असताना आखलेली ती रेघ आहे.

लेन्सच्या बाबतीत हे व्रत फार उपयोगी पडतं, कारण हा बाजार कुठे थांबतच नाही. १८-५० घेतली की वाटतं ७० पर्यंत हवी होती. ७० घेतली की वाटतं आणखी एक लांब पल्ल्याची हवी. मग मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, मग त्याच्या लेन्स नव्यानं. म्हणून सूनबाईला मी म्हटलं, आधी रेघ मार. तिनं वहीत लिहिलं: एक कॅमेरा, दोन लेन्स आणि रकमेचा एक आकडा. त्या आकड्याच्या वरची लेन्स बघायचीसुद्धा नाही. कंपनीची १६-५५ तिथेच गळाली. कुणी तिला नको म्हटलं नाही, तिनं स्वतःच रेघ मारली होती.

उरल्या दोन. त्यांतली कोणती, हे आम्ही मतांवर सोडलं नाही. सूनबाईनं दोन वर्षांतले आपले १०० आवडते फोटो काढले. प्रत्येक फोटोत तो किती मिलिमीटरवर काढला याची नोंद असते. आम्ही उभ्या रेघा मारून मोजलं, जशी मतमोजणी करतात तशी. १८ च्या खाली होते फक्त ११. त्यातले बहुतेक मांगी-तुंगीचे. ताहाराबादवरून पुढे गेल्यावर तिथे डोंगरातच कोरलेली १०८ फुटी भगवान ऋषभदेवांची मूर्ती आहे. ती एका फोटोत घ्यायची तर लेन्सनं जास्तीत जास्त रुंद पाहावं लागतं. सूनबाई म्हणाली, "तिथे मी चार पावलं मागे जाईन, मम्मी. किंवा जुनी लेन्स लावीन." निम्म्याहून जास्त फोटो ३० ते ५० च्या मधले, म्हणजे माणसांचे चेहरे. ५० च्या पुढची गरज भासली असं तिला दोन-तीनच प्रसंग आठवले.

म्हणजे १८-५० पुरते. थरथर सांभाळणारी यंत्रणा नाही, हा तिचा उणेपणा आहे, आणि ए ६४०० च्या अंगातही ती यंत्रणा नाही. पण बाईसांच्या फोटोनं आम्हाला हेच शिकवलं होतं, की ती यंत्रणा आपल्या हाताची थरथर थांबवते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. जुन्या लेन्समध्ये ती होती, म्हणूनच पडदा स्वच्छ आला आणि बाईसा पुसट. ज्या मुलींना व्हिडिओ जास्त काढायचा आहे त्यांनी मात्र टॅमरॉन बघावी. हातात धरून चालता चालता काढलेल्या व्हिडिओला तिचा खरा उपयोग होतो, आणि ७० पर्यंतचा पल्लाही मिळतो. वरघोड्यात दोन-दोन तास कॅमेरा गळ्यात घेऊन चालणाऱ्या सूनबाईच्या मानेला ३०० ग्रॅमच्या आतली लेन्सच बरी वाटली.

दुसऱ्या कॅमेऱ्यांबद्दल थोडं. लेन्सचं बूड कॅमेऱ्याच्या तोंडाला बसायला हवं, त्याला माउंट म्हणतात. एका माउंटची लेन्स दुसऱ्याला बसत नाही, म्हणून नाव आणि माउंट दोन्ही वाचूनच पैसे द्या. फुजीफिल्मच्या एक्स माउंटसाठी या दोन्ही लेन्स मिळतात. कॅननच्या नव्या आर मालिकेला बरीच वर्षं बाहेरच्यांची ऑटोफोकस झूम मिळत नव्हती. २०२४ मध्ये कॅननच्या परवानगीनं लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी दार उघडलं आणि सिग्माची हीच १८-५० त्यासाठीही आली. ज्यांच्याकडे जुना आरशाचा डीएसएलआर आहे त्यांच्यासाठी टॅमरॉनची १७-५० एफ २.८ ही २००६ पासूनची लेन्स आहे. जुन्या बाजारात ती अजून दिसते.

जुनी लेन्स घेणं मला वाईट वाटत नाही. एकानं वापरलेली वस्तू दुसऱ्यानं वापरली तर नवीन आरंभ-समारंभ तेवढा कमी. पण भाजी निवडतो तशी निवडून घ्या. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूनं मारून दुसऱ्या बाजूनं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर परत करा, ती बुरशी असते. झूमची कडी पूर्ण फिरवून अडकते का बघा. आपला कॅमेरा बरोबर न्या, लावून जवळचा आणि लांबचा फोटो काढा. बिलावरचा आणि लेन्सवरचा नंबर जुळवा. नवीन घेतली तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी आहे ना, हे विचारा. बाहेरून आणलेला माल दोन-पाच हजारांनी स्वस्त पडतो, पण बिघडला तर इथे कुणी हात लावत नाही.

एका दुकानात आम्हाला सांगण्यात आलं, की बाहेरची लेन्स लावली की कॅमेऱ्याची वॉरंटीच संपते. सूनबाई घाबरली. मी म्हटलं, कागद दाखवा. घरी येऊन कॅमेऱ्याचं वॉरंटी कार्ड वाचलं. त्यात एवढंच होतं, की बाहेरच्या वस्तूमुळे कॅमेऱ्याला इजा झाली तर ते भरून देणार नाहीत. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. मैत्रिणींनो, आपण वाचू शकतो. दुकानदाराच्या तोंडच्या वाक्यावर मान डोलावण्याऐवजी छापलेलं वाक्य मागत जा.

लेन्स घरात आली, की सांभाळणं आपल्या हातात. इथे आपण बायका कोणत्याही फोटोग्राफरला शिकवू शकतो. चातुर्मासात पापडाच्या डब्याला आणि लोणच्याच्या बरणीला ओल लागू नये, म्हणून आपण किती जपतो. बुरशीत अनंत जीव आहेत, ती आली की ना खाता येतं ना टाकता येतं, म्हणून ती येऊच देत नाही. लेन्सलाही तोच नियम. दमट कपाटात, बंद पिशवीत महिनोन्‌महिने ठेवली की काचेवर बुरशी धरते आणि काचेवरचा थर खाते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, अधूनमधून त्या बदला आणि लेन्स वापरात ठेवा. चामड्याची पिशवी तर आपल्याकडे नकोच, कापडी पिशवी चांगली. आमच्या या लेन्सला पावसापासून पूर्ण बंदोबस्त नाही, फक्त बुडाशी रबर आहे. म्हणून पावसाळी वरघोड्यात छत्री धरायला एक जण बरोबर असतोच. सध्या ते काम सूनबाईच्या सासऱ्यांकडे आहे. छंदाला एवढे पैसे कशाला, असं म्हणणारे तेच होते.

आणि ज्यांना हे सगळं वाचून वाटतंय, की आपणही घ्यावं का, त्यांना सांगते. मुलांचे, सहलीचे, रांगोळीचे फोटो काढायचे असतील तर फोन भरपूर आहे. एकाच जागी बसून चेहऱ्यांचेच फोटो काढायचे असतील तर झूम न होणारी एफ १.८ ची लेन्स याहूनही स्वस्तात येते. कार्यक्रमात क्षणात गर्दी आणि क्षणात चेहरा टिपायचा असतो, मधे लेन्स बदलायला वेळ नसतो, अशा कामालाच ही झूम लागते. काम नसेल तर सर्वांत स्वस्त लेन्ससुद्धा परिग्रहच.

आपल्या गावाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. याच मालेगावात नासिर शेख यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर "मालेगाव के शोले" काढला, सायकलवर कॅमेरा बसवून सरकते शॉट घेतले. त्या मंडळींवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा "सुपरबॉइज ऑफ मालेगाव" चित्रपटगृहात लागला. लोकांनी त्यांना कॅमेरा कोणत्या कंपनीचा, असं विचारलं नाही. पडद्यावर काय दिसतं ते बघितलं.

नव्या लेन्सनं सूनबाईनं पहिला कार्यक्रम केला तो शेजारच्या काकूंच्या अठ्ठाईचा. त्याच हॉलमध्ये, त्याच दोन ट्यूबलाइटखाली. काकूंच्या ओठांजवळची वाटी, वाटीवरची बोटं, बोटातली अंगठी सगळं स्पष्ट. काकूंनी फोटो बघितला आणि मोठा करून फ्रेम करायला सांगितला. कोणत्या कंपनीची लेन्स, हे त्यांनी विचारलं नाही. सूनबाई घरी आली आणि बाईसांचा तो पुसट फोटो काढून बघत बसली. तो आम्ही टाकलेला नाही. तोही फ्रेममध्ये आहे, देवघराच्या बाहेरच्या भिंतीवर. चेहरा नीट दिसत नाही, पण वाटी धरायची ढब बाईसांचीच आहे.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल, जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.